हळदीच्या हाताचं दार

अखेर गायकरांचं दार परत मिळालं, दिपेशला चारित्र्याचा स्वच्छ दाखला मिळाला आणि खुद्द पोलीस ठाण्याच्या साहेबांनी भगवंत गायकर यांच्या खांद्यावर शाल घालून हात जोडले. फोटोही आहे.

आता यातलं काहीच झालेलं नाही. दार कधी कुणी नेलंच नव्हतं, मग परत कुठून येणार? दिपेशला कधी कुणी उचललंच नव्हतं, तेव्हा दाखला स्वच्छ निघाला यात नवल नाही. शाल कशाबद्दल, ते विचारायचं नाही. भगवंतने तसं लिहून दिलंय. खाली सही आहे, सहीखाली तारीख आहे. तेव्हा वरचा परिच्छेद वाचलाच नाही असं धरून पुढे जायचं.

अंबरनाथला शिवमंदिराच्या मागच्या अंगाला गायकरांची आळी आहे. आठ घरं, आठही एकाच खापरपणजीच्या पोटची. या ठमाबाईने वंशजांसाठी दोन गोष्टी मागे ठेवल्या. एक तापट डोकं, ते आठ घरांत असं वाटलं गेलं की भगवंतच्या वाट्याला काही उरलंच नाही. दुसरी एक रीत. लेक लग्न होऊन निघाली की तिने उजवा हात हळदीत बुडवून माहेरच्या दारावर बाहेरून उमटवायचा. लेक जाते, हात राहतो. पूर्वी तो वर्षभरात पुसट व्हायचा. हल्ली लोक वरून वॉर्निश मारतात. भगवंतने आपल्या लेकीच्या, नेत्राच्या हातावर दोन वेळा मारलं होतं, कारण पहिल्या वेळी ब्रश हलला आणि करंगळी थोडी जाड झाली.

म्हणजे आठ दारं आणि आठही दारांवर पिवळे हात. काही दारांवर तीन-तीन. आळीत याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

पोलिसांच्या खबऱ्याला वाटलं. एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीतून तांब्याची वायर लांबवणारा जितेश नावाचा माणूस त्याने या आळीत शिरताना पाहिला होता. जितेश एका हळदीला आला होता. जेवला, नाचला, गेला. खबऱ्याने ठाण्यात सांगितलं, "दारावर पिवळा हात हाय साहेब, तेच घर. चुकायचा प्रश्नच नाय." बाकीची सात दारं त्याने पाहिली नव्हती. पाहिली असती तर खबर एवढी पक्की राहिली नसती.

आळीत शिरलं की पहिलं घर भगवंतचं.

बुधवार होता, दुपारचा एक वाजला होता. दाराला आतून कडी लावलेली नव्हती. बोटाने ढकललं असतं तरी उघडलं असतं. पण पोलिसांनी येताना पहार आणली होती, आणि आणलेली पहार न वापरता परत नेणं त्यांना बरोबर वाटलं नसावं. दार बिजागऱ्यांसकट आत पडलं. आत भगवंतचा मुलगा दिपेश कोळंबीभात खात होता. वय चोवीस, फिटरचा आयटीआय झालेला, गुन्ह्यांच्या बाबतीत कोरा.

"जितेश कोण?"

"मी दिपेश."

"आधार कार्ड दाखव."

त्याने दाखवलं. शिपायाने ते उलटसुलट पाहिलं, खिशात टाकलं आणि म्हणाला, "चल." नाव जुळत नसलं तरी दार जुळत होतं.

दिपेशबरोबर दारही नेलं. पंचनाम्यात लिहिलं की सदर दारावर पिवळसर रंगाचा मानवी हाताचा ठसा आढळून आला असून तो तपासकामी ताब्यात घेतला आहे. पंच म्हणून दोन माणसांनी सह्या केल्या. ती दोघं पोलिसांच्याच गाडीतून आली होती आणि त्याच गाडीतून गेली.

"अवो, तो माझे पोरीचा हात हाय," तुळशी, भगवंतची बायको, गाडीमागे धावत म्हणाली.

"ते तपासात निष्पन्न होईल, मावशी."

तिसऱ्या दिवशी जितेश बदलापूरला कात्रपमध्ये सापडला. चुलत भावाच्या फ्लॅटमध्ये एसी लावून झोपला होता. त्याच्या दारावर हातबित काही नव्हतं, फक्त 'सुस्वागतम' होतं. संध्याकाळी दिपेशला सोडलं. कागद दिला नाही, कारण आणल्याचाच कागद नव्हता. आधार कार्ड परत दिलं.

दिपेश रिक्षातून उतरला तेव्हा तोंडावर, हातावर कुठे ओरखडाही नव्हता. आळीतल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, मारलं तरी नाय. मग तो चालायला लागला. गरम वाळूवरून चालावं तसा, पावलांच्या बाहेरच्या कडांवर. तळपाय कोण बघतं? ज्यांनी मारलं त्यांनी हा विचार आधीच केला होता.

भगवंत एकतीस वर्षं एमआयडीसीतल्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होता. कामगारांचे अर्ज घेणं हे त्याचं काम. रजेचे, लेट मार्कचे, एकदा तर एकाने सासू रागावली म्हणून अर्धा दिवस मागितला होता. प्रत्येक अर्जाला भगवंतने उत्तर दिलं होतं, सासूच्या अर्जालाही. म्हणून त्याची एक पक्की समजूत होती की अर्ज नीट लिहिला, विषय ठळक टाकला, समास सोडला, की उत्तर येतंच. उभ्या आयुष्यात ही एकच चूक त्याने मनापासून केली.

त्याला पैसे नको होते, कुणाची नोकरी जायला नको होती. त्याला ठाण्याच्या शिक्क्याचा कागद हवा होता आणि त्यावर एक ओळ: 'दिपेश भगवंत गायकर यास चुकून आणले होते.' बस. ती ओळ तो फ्रेम करणार होता. खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

ठाण्यात हवालदार शिवराम भेटला. निवृत्तीला आठ महिने राहिलेले, त्यामुळे कुणाशीच वाईट नव्हता. "बसा काका. इथं टेबलावर बसून लिहा आरामात. चहा घ्या."

भगवंत लिहायला लागला. विषय: राहत्या घराचे दार व मुलाबाबत. दुसऱ्या ओळीला पेन एका खळग्यात अडकलं. खळगा ओळखीचा वाटला. त्याने चहाचा ग्लास बाजूला केला. ग्लासाखाली करंगळी होती, थोडी जाड. त्याने कागद उचलला. कागदाखाली बाकीचा हात होता.

"हवालदारसाहेब, हे माझं दार हाय."

"कुठलं?"

"हेच. ज्याच्यावर मी लिहितोय."

शिवरामने वाकून पाहिलं. "हे टेबल आहे काका."

"खाली ऑइलचे ड्रम हायेत."

"टेबलाला काहीतरी पाय लागतातच."

"याला बिजागरी हाय."

"फोल्डिंगचं असेल."

"कडी हाय!"

शिवरामने कडी एकदा हलवून पाहिली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, मुद्देमालाच्या रजिस्टरला दार नाहीये. मी स्वतः पाहिलं. जे रजिस्टरला नाही ते इथं असू शकत नाही. म्हणून हे टेबल. कळलं का? तुम्ही लिहा. पण दाबून लिहू नका, वॉर्निश जाईल."

भगवंतने आपलं दार हरवल्याचा अर्ज आपल्याच दारावर बसून पूर्ण केला. पोच मिळाली. पोच मिळाल्याचा त्याला आनंदही झाला, इतका तो सवयीचा माणूस.

पंधरा दिवस उत्तर आलं नाही. मग त्याने उल्हासनगरला वरच्या साहेबांच्या ऑफिसात अर्ज दिला. तिथून छापील पत्र आलं, 'आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव संबंधित पोलीस ठाण्याकडे वर्ग करण्यात येत आहे.' त्याने आणखी वर लिहिलं. तिथूनही तो खाली वर्ग झाला. वर पाठवलेला तिसरा अर्ज मुंबईला गेला आणि सगळ्यात लवकर परत आला. तिन्हींच्या चौकशीचे अधिकारी म्हणून अंबरनाथच्या पोलीस ठाण्याच्या साहेबांचीच नेमणूक झाली. पहार घेऊन आलेल्या पथकाच्या पुढे हेच साहेब होते. तिन्ही अर्ज त्यांनी टेबलावर ठेवले. म्हणजे भगवंतचे अर्ज अंबरनाथ, उल्हासनगर, मुंबई असे हिंडून शेवटी भगवंतच्याच दारात येऊन पडले.

घरी दाराच्या जागी फ्लेक्स लावला होता. चौकातून वाढदिवसाचा एक उतरवलेला मिळाला. त्यावर कुणी भावी नगरसेवक हात जोडून हसत होता. तो आतल्या बाजूने ठेवावा की बाहेरच्या, यावर नवरा-बायकोचं भांडण झालं. बाहेरून ठेवला तर लोक घराला पक्षाचं ऑफिस समजून आत यायचे. आतून ठेवला.

"सारका माझे ताटात बघतं मेला," तुळशी म्हणायची.

दिपेश त्या फ्लेक्सकडे तोंड करून बसायचा. जेवताना, मोबाइल बघताना, झोपतानाही. पाठ कधी करत नव्हता. वाऱ्याने फ्लेक्स फडफडला की त्याचे पाय आपोआप पोटाशी जायचे. एकदा शेजारची बकरी आत आली, तर तो बकरीला म्हणाला, "मी दिपेश." मग स्वतःच हसला. तुळशी मोरीत गेली आणि बराच वेळ पाण्याचा नळ सोडून उभी राहिली.

तेवढ्यात औषधांच्या एका कंपनीचं पत्र आलं. ऑपरेटरची जागा, तीस तारखेला हजर व्हा, सोबत पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला आणा. दिपेशने ऑनलाइन अर्ज भरला. पडताळणी स्थानिक ठाण्याकडे. रोज सकाळी तो मोबाइल उघडायचा, रोज तिथे 'प्रलंबित' असायचं.

चोवीस तारखेला सासरहून नेत्रा आली. नेत्राला ठमाबाईच्या तापटपणातला भगवंतचाही वाटा मिळालेला होता. चप्पल न काढताच म्हणाली, "पप्पा, चला. अर्ज बस झाले. माझा हात आहे ना तो? हातच दाखवते."

साहेब त्या दिवशी टेबलाशीच होते. टेबलावर फुलदाणी आली होती, प्लॅस्टिकची. नेत्राने विचारलंही नाही. फुलदाणी उचलून शिवरामच्या हातात दिली आणि उजवा पंजा त्या पिवळ्या पंजावर ठेवला. बोटावर बोट बसलं. अंगठा बसला. करंगळीलासुद्धा फार फरक नव्हता. ठाण्यातली माणसं कामं सोडून बघायला आली. एक तक्रारदार बाई तर "अय्या, सेम टू सेम!" म्हणाली.

"झालं सिद्ध?" नेत्रा म्हणाली. "हे आमच्या घराचं दार आहे. आता बोला."

साहेबांनी शांतपणे चष्मा पुसला. ते आवाज चढवणारे साहेब नव्हते. "सिद्ध झालं ना. शिवराम, लिहून घे. पोलीस ठाण्यातल्या सरकारी टेबलावर सदर महिलेच्या हाताचा ठसा मिळून आला, आणि तो आपलाच असल्याचं तिने पंचांसमक्ष कबूल केलं."

"काय?"

"सरकारी मालमत्तेचं विद्रूपीकरण. मॅडम, तुम्ही या ठाण्यात यापूर्वी कधी आला होतात? नाही ना? मग ठसा कधी उमटवला? रात्री शिरला होतात का?"

नेत्राच्या तोंडातून शब्द फुटेना. असं तिच्या आयुष्यात दोनदाच झालं होतं आणि पहिल्या वेळी दाढ काढली होती. तिने हात उचलला तेव्हा भगवंतला वाटलं की तो दारालाच चिकटून राहील.

"साहेब, ती लहान हाय," भगवंत म्हणाला. नेत्रा सव्वीस वर्षांची होती.

"अहो, बसा की काका. मी काही गुन्हा नोंदवत नाहीये. तुम्हाला त्रास व्हावा असं मला वाटतच नाही." साहेबांनी खुर्ची पुढे सरकवली. "मुलाची पडताळणी अडकलीये ना? का अडकली? तर तुमचा आमच्याविरुद्ध अर्ज चालू आहे. अर्ज चालू म्हणजे काहीतरी घडलं असा संशय. संशय आहे तोवर मी स्वच्छ कसं लिहू? नियमात बसत नाही."

"मग अर्जाची चौकशी करून टाका."

"चौकशी माझ्याकडेच आहे. माझी मी घाईघाईत केली तर लोक काय म्हणतील?"

भगवंतला हे पटलं, कारण वाक्य नियमात बसत होतं.

मग साहेबांनी खणातून एक कागद काढला. तो टाइप करून तयारच होता. त्यात लिहिलं होतं की मी, भगवंत धर्मराज गायकर, समाजकार्याच्या भावनेतून माझ्या घराचे जुने दार नागरिकांना अर्ज लिहिण्यासाठी टेबल म्हणून ठाण्यास स्वखुशीने वापरावयास दिले होते. माझा मुलगा दिपेश यास ठाण्यात कधीही आणलेले नाही. माझी कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.

"घडलंच नाही म्हटल्यावर अर्जही नाही आणि संशयही नाही," साहेब म्हणाले. "मुलगा एकदम स्वच्छ. आजच दाखला. दार घरपोच. आणि दार दिल्याबद्दल आम्ही तुमचा सत्कार करू."

"साहेब, मना फक्त एक ओळ हवी होती. चुकून आणलं, एवढीच."

"काका, चुकून आणलं म्हणजे आणलं. आणलं म्हणजे रेकॉर्ड. तुम्हाला मुलाच्या नावावर रेकॉर्ड हवंय का?"

भगवंतने सहा वाजेपर्यंत वेळ मागून घेतला. टाइम ऑफिसचा माणूस, त्याने घड्याळ बघून मागितला.

घरी कुणी जेवलं नाही. नेत्रा म्हणाली, सही करायची नाय, कोर्टात जाऊ. तुळशी म्हणाली, कोर्टाचा कागद पण कुनाकडं येनार? त्याच टेबलावर ना? भगवंत भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होता.

दिपेश फ्लेक्सकडे बघत म्हणाला, "सही करा पप्पा."

"अरे, पण तुला मारलं ते?"

"मना कामाला जायचंय. इथं बसवत नाय. दिवसभर हा माणूस हसत असतो, आणि मना वाटतं आता आत येनार." मग म्हणाला, "मारलं ते मना माहीत हाय. कागदाला नसलं माहीत तरी चालंल."

साडेपाचला भगवंतने सही केली. ती त्याच दारावर कागद ठेवून केली. साहेबांनी दाबून करायला सांगितली, कार्बन होता.

सत्कार लगेच झाला. शाल, नारळ, लॅमिनेट केलेलं आभारपत्र. फोटोसाठी दार मागे उभं केलं होतं, त्यामुळे फोटोत साहेबांच्या डोक्यावर पिवळा हात आशीर्वाद दिल्यासारखा आलाय. शिवरामने टाळ्या वाजवल्या, पण भगवंतकडे बघायचं टाळलं. आळीतल्या एकाच्या टेम्पोत दार चढवताना मात्र त्याने एक कोपरा धरला आणि हळूच म्हणाला, "चहाचे डाग निघतील काका. व्हिनेगरने."

दार बसवलं. तिन्ही बिजागऱ्या नव्या. कडी तीच. भगवंतने फ्लेक्स गुंडाळून ठेवला आणि किती तरी दिवसांनी दार लावलं. कट् असा तो जुना आवाज आला. तुळशीने डोळे मिटून घेतले.

"उघडा," दिपेश म्हणाला.

"काय झालं रं?"

"उघडा ना पप्पा! उघडा, उघडा!" तो भिंतीला पाठ लावून उभा होता, पाय एकमेकांवर घेत होता, जणू जमीन तापली होती. दोन दिवस ज्या खोलीत त्याला ठेवलं होतं तिलाही दार होतं. तेही असंच कट् वाजायचं, आणि वाजलं की कुणीतरी आत आलेलं असायचं.

भगवंतने दार उघडलं. तेव्हापासून ते उघडंच आहे. दार आहे, कडी आहे, दाखला आहे. तीस तारखेला दिपेश हजर झाला. पहिल्या पाळीत आठ तास उभा राहिला आणि रिक्षातून उतरून पावलांच्या कडांवर चालत घरी आला. कामावर सुपरवायझरने विचारलं होतं, पायाला काय झालंय? तो म्हणाला, काय नाय. ते खरंच होतं, लेखी होतं. रात्री घरातली तिघंही उघड्या दाराशी झोपतात. बकरी कधी येते, कधी जाते. नारळ तुळशीने फोडला नाही. देव्हाऱ्यातही ठेवला नाही आणि टाकलाही नाही. तो रविवारपर्यंत फळीवर बसून होता, शेंडीसकट.

रविवारी भगवंतने पांढरा कागद घेतला. समास सोडला, विषय ठळक टाकला. टेबल नव्हतं म्हणून दारालाच कागद टेकवून उभ्याने लिहिलं, नेत्राच्या हाताच्या जरा खाली.

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब यांस,

विषय: तळपाय, नग दोन, पूर्वस्थितीत परत मिळणेबाबत.

महोदय,

मी खाली सही करणार भगवंत धर्मराज गायकर, राहणार शिवमंदिराजवळ, अंबरनाथ. दि. २४ रोजी मी आपणांस लिहून दिल्याप्रमाणे माझा मुलगा चि. दिपेश यास आपल्या ठाण्यात कधीही आणण्यात आलेले नाही. तथापि सदर न घडलेल्या घटनेपासून त्याचे दोन्ही तळपाय जमिनीस लागत नाहीत, तसेच दार लावून झोपण्याची त्याची लहानपणापासूनची सवय घरात कोठेही मिळून येत नाही. घटना घडलीच नसल्याने वरील बाबी आमच्याकडून गेल्या असे म्हणता येत नाही. त्या आपल्याकडे नजरचुकीने राहिल्या असाव्यात व रजिस्टरला नोंद नसल्याने टेबल, फुलदाणी वगैरे म्हणून वापरात असाव्यात. सोबत शाल एक व श्रीफळ एक (न फोडलेले) परत जोडत आहे. तरी आपल्या ठाण्याची समक्ष झडती घेऊन माझ्या मुलाचे तळपाय व झोप मंगळवार, म्हणजे न घडलेल्या घटनेच्या आदल्या दिवशी, ज्या स्थितीत होते त्या स्थितीत आमच्या ताब्यात मिळावे, व या अर्जाची पोच मिळावी, ही नम्र विनंती.